दहा रुपयांचा नोकर, पंधरा रुपयांची तारामती

१९१२ सालची मुंबई. ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात एक सडपातळ तरुण महिना दहा रुपयांवर कामाला होता. समोरच्या बाकावर बसलेलं गिऱ्हाईक त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिलं. त्याचा बांधा नाजूक होता. हात निमुळते होते, आणि त्यांची हालचाल संथ, नीटस होती. गिऱ्हाइकाने त्याला विचारलं, माझ्याकडे येतोस का? महिना पंधरा रुपये देईन.

गिऱ्हाईक होते धुंडिराज गोविंद फाळके, आणि तरुण होता अण्णा साळुंके. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी लागला, तेव्हा पडद्यावरची तारामती म्हणजे हेच साळुंके होते.

हा किस्सा आपल्याकडे गमतीने सांगितला जातो: भारतातल्या पहिल्या कथाचित्रपटाची नायिका म्हणे पुरुष होती! लोक हसतात आणि विषय बदलतो. माझं बरंच आयुष्य नोकरभरतीच्या टेबलाच्या अलीकडच्या बाजूला गेलं, म्हणून मला त्यात गंमत कमी दिसते आणि भरतीचं प्रकरण जास्त दिसतं. एक जागा रिकामी होती, जाहिराती फुकट गेल्या होत्या, बाजारात 'अनुभवी' माणसं होती, आणि तरीही मालकाने अनुभवाची पाटी कोरी असलेला माणूस उचलला. तो टिकला, वाढला, धंद्याच्या उपयोगी पडला. हे कसं जमलं ते नीट उलगडून बघायला हवं, कारण 'आम्ही अनुभव बघत नाही, गुण बघतो' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण ते गुण कसे बघायचे हे सांगणारे फार थोडे.

मालकाचाच अनुभव काय होता

फाळक्यांचं वय तेव्हा बेचाळीस. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७०चा. जे. जे. कलाशाळा, मग बडोद्याचं कलाभवन. गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा काढला, तिथे प्लेगात पहिली बायको आणि मूल गेलं. पुढे पुराणवस्तू खात्यात नोकरी, लोणावळ्याला राजा रविवर्म्याच्या छापखान्याचं काम, स्वतःचा छापखाना, भागीदारांशी बिनसणं. मधूनमधून जादूचे प्रयोगही. आजच्या भरतीवाल्याच्या हातात हा बायोडेटा पडला तर तो म्हणेल, हा गृहस्थ कुठे टिकत नाही. चित्रपटाचा अनुभव तर शून्यच. ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक चित्रपट पाहिला, डोक्यात किडा शिरला, उसनवारी करून विलायतेला गेले, थोडं शिकले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले.

तसं बघितलं तर कथाचित्रपटाचा अनुभव अख्ख्या देशातच कोणाला होता? सावेदादांनी १८९९मध्ये कुस्तीचं चित्रण केलं होतं. तोरण्यांचा 'पुंडलिक' मे १९१२मध्ये लागला होता, पण ते रंगमंचावरच्या नाटकाचंच चित्रण होतं. धंदाच नवा असताना 'या कामाचा अनुभव' हे शब्द पोकळ ठरतात. अशा वेळी बहुतेक मालक जवळात जवळचा अनुभव शोधतात. इथे जवळचा अनुभव म्हणजे नाटक. आणि तो बाजार तर तेव्हा भरात होता.

'संगीत मानापमान' १९११च्या मार्चमध्ये रंगमंचावर आलं होतं. किर्लोस्कर नाटक मंडळीत बालगंधर्वांचं युग सुरू होतं. स्त्रीपार्टी नट हा मराठी रंगभूमीचा हुकमाचा पत्ता होता. पुरुषाने नऊवारी नेसून बाईची भूमिका करणं यात नवं काहीच नव्हतं. मग तारामतीसाठी हॉटेलापर्यंत जाण्याची वेळ का आली?

एक कारण सरळ आहे. सिनेमाला प्रतिष्ठा नव्हती. इतकी नव्हती की फाळके आपल्या नटांना सांगत, कोणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत म्हणा. दुसरं कारण माझ्या मते जास्त खोलातलं आहे. संगीत नाटकातल्या स्त्रीपार्टी नटाची खरी पुंजी त्याचा गळा होता. पद सुरू झालं की वन्समोअर पडायचा. त्याचा अभिनयही शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा मोठा, ठाशीव असायचा. फाळक्यांचा सिनेमा मुका होता. तिथे गळ्याची किंमत शून्य, आणि कॅमेरा तर काही फुटांवर उभा. हातवारे मोठे केले की ते पडद्यावर अंगावर येणार.

म्हणजे ज्या गुणामुळे नाटकातल्या माणसाला पगार मिळत होता, तो गुण या कामात लागणारच नव्हता. उलट त्याची काही सवय मोडून काढावी लागली असती. पुढे १९३५मध्ये खुद्द बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथ झाले. तोवर सिनेमा बोलू-गाऊ लागला होता, तरी प्रभातशी त्यांची ती सोबत त्या एका चित्रपटापुरतीच राहिली. रंगभूमीचा एवढा मोठा माणूस, पण कॅमेऱ्याचं जग निराळं.

फाळक्यांना हे आधी कसं उमगलं? मला याचं उत्तर वाटाण्याच्या रोपात दिसतं. भांडवल देणाऱ्यांना पटावं म्हणून त्यांनी कॅमेरा आणल्यावर आधी एक छोटा चित्रपट केला: 'अंकुराची वाढ'. कुंडीत वाटाणा पेरला आणि दिवसामागून दिवस थोडंथोडं चित्रण करत त्याचं रोप होताना दाखवलं. महिन्याहून जास्त दिवस हा माणूस एका कोंबाकडे भिंगातून बघत होता. कॅमेऱ्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी आणि हातांनी शिकून घेतलं होतं. हॉटेलात बसल्यावर त्यांची नजर साळुंक्यांच्या हातांवर गेली ती याच तयारीमुळे. काम आधी स्वतः करून पाहिलेला माणूसच कामाला लागणारा गुण दुसऱ्यात ओळखू शकतो, असं माझं ठाम मत आहे.

जाहिरात, आणि तिचा बोजवारा

सुरुवात मात्र त्यांनीही सगळे करतात तशीच केली. वर्तमानपत्रांत जाहिरात दिली: नट पाहिजेत. माणसं आली, पण पडद्यावर उभी करावीत अशी एकही नाही. मग त्यांनी जाहिरातीत आणखी एक अट घातली, चेहरा बरा नसलेल्यांनी तसदी घेऊ नये अशा अर्थाची. वाचताना आज कसंसं होतं. माणसाच्या रूपावर असा उघड शेरा मारणं तेव्हाही बरं नव्हतं, आणि उपयोग तर काहीच झाला नाही. शेवटी जाहिरातींचा नाद सोडून त्यांनी ओळखीपाळखीचा रस्ता धरला.

त्या रस्त्याने नाटकातली माणसं आली. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले, गजानन वासुदेव साने विश्वामित्र. म्हणजे फाळक्यांनी अनुभवाला दार बंद केलं होतं असं मुळीच नाही. राजा आणि ऋषी यांच्या अंगी जो भारदस्तपणा, जी उभं राहण्याची ढब लागते, ती नाटकातून आयती मिळत होती. ती त्यांनी घेतली. जिथे जुना अनुभव कामाचा तिथे तो, जिथे नाही तिथे दुसरं काही. 'अनुभव की गुण' असा सरसकट वाद घालणाऱ्यांनी संचातली ही वाटणी लक्षात घ्यावी.

कॅमेऱ्यासाठी त्यांनी कोणाला घेतलं? त्र्यंबकराव तेलंग, त्र्यंबकेश्वरचे मित्र. त्यांना चित्रण येत नव्हतं, फाळक्यांनी शिकवलं. फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं ही कामं फाळक्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई शिकल्या. हरिश्चंद्राच्या मुलाचं काम तर कोणी आपल्या पोराला करू देईना. पोर वनवासात जाणार, वर पडद्यावर मरणार. कुठल्या आईबापाला ते अभद्र वाटणार नाही? शेवटी फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र रोहिदास झाला.

राहिली तारामती. फाळक्यांना खरी बाईच हवी होती. ते वेश्यावस्तीतही जाऊन आले. तिथूनही नकार मिळाले. पोट भरायला देह विकावा लागणाऱ्या बायकांनाही कॅमेऱ्यासमोर उभं राहणं कमीपणाचं वाटलं. एकीने होकार दिला, तालमीही सुरू झाल्या, तर तिचा मालक येऊन तिला घेऊन गेला. सगळी दारं अशी एकामागून एक बंद झाली, आणि मग ते हॉटेल आलं.

इथे मला थांबून एक गोष्ट स्पष्ट म्हणायची आहे. साळुंक्यांची निवड हा उपजत गुणांचा निखळ विजय नव्हता. अर्ध्या समाजाला दाराबाहेर ठेवल्यावर उरलेल्या अर्ध्यातून केलेली ती निवड होती. याचा पुरावा लगेच मिळाला. पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. हीच कमलाबाई पुढे चंद्रकांत गोखल्यांची आई. मायलेकी नाटकात वावरलेल्या होत्या, पडद्यावर आल्या आणि उभ्या राहिल्या. बाई मिळत नाही असं फाळक्यांना दिसत होतं. खरं तर येऊ शकणाऱ्या बाईला समाज येऊ देत नव्हता. आजही एखादा मालक 'या कामाला माणसंच मिळत नाहीत' म्हणतो तेव्हा मी आधी विचारते, कोणाकोणाला तुम्ही दारातूनच परत पाठवता? लग्न झालेलीला? गावाकडच्या बोलीत बोलणाऱ्याला? चाळिशी उलटलेल्याला?

मिशीचा प्रश्न

नटांना घेतलं, पण काम सुरू व्हायच्या आधीच ते अडलं. बायकांच्या भूमिका करणारे पुरुष मिशी काढायला तयार होईनात. आपल्याकडे मिशी उतरवायची ती बाप गेल्यावर. बाप जिवंत असताना उतरवणं म्हणजे अशुभ. फाळक्यांनी त्यांची आणि त्यांच्या घरच्यांचीही समजूत घातली तेव्हा कुठे वस्तरा लागला.

गुणावर माणूस घेणाऱ्यांना माझं सांगणं आहे की हा प्रसंग विसरू नका. माणसाचा हात चांगला असतो, डोळा चांगला असतो, आणि तरीही तो माणूस एका घरातून आलेला असतो, एका रीतीतून आलेला असतो. अनुभवी माणसाने या कामाची किंमत आधीच कुठेतरी मोजलेली असते: घरच्यांची नाराजी, उशिरा घरी येणं, कपडे, लोकांचं बोलणं. नव्या माणसाला ती पहिल्यांदा आपल्याकडे मोजावी लागते. त्या वेळी मालकाने 'तुला संधी दिली ना?' असं ऐकवलं की माणूस गेलाच समजा. फाळके बसून समजावत राहिले.

मी यात एकदा सपशेल चुकले आहे. एका छोट्या कारखान्यासाठी माणसं घेत होते. एक मुलगा आला होता, दहावी नापास, पण त्याचे हात असे की मी पाच मिनिटांत ठरवलं. गावात सायकलींची चाकं आउट निघाली की तो आरे पिळून सरळ करायचा. कानाने. आरा टिचकीने वाजवायचा आणि आवाजावरून सांगायचा की हा ढिला आहे. असा मुलगा जुळणीच्या कामाला सोन्यासारखा. मी त्याला घेतला आणि सरळ लाइनवर उभा केला. शिकवायला कोणी नेमलं नाही. सुपरवायझरला वाटलं, बाईंनी निवडलाय म्हणजे येत असणार सगळं. त्याला ड्रॉइंग वाचता येत नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती. दोन महिन्यांत गेला. जाताना रागावला नव्हता, ओशाळला होता, आणि तेच मला अजून टोचतं. त्याच्यात खोट नव्हती. गुण बघून माणूस घेतला की शिकवण्याचा खर्च आपल्या अंगावर येतो, आणि मी तो मोजलाच नव्हता.

फाळक्यांनी तो पुरता मोजला. दादरच्या त्यांच्या घरी कंपनीचा संसार मांडला होता. सगळ्या माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करत. वर उन्हाचा झोत नटांच्या तोंडावर परतावा म्हणून पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत. दागिने गहाण पडले ते त्यांचेच. तालमी फाळके स्वतः घेत. लेखन, दिग्दर्शन, रंगभूषा, नंतर फिल्म जोडणं, सगळं त्यांच्याच हातात, त्यामुळे शिकणाऱ्याला 'मला माहीत नाही, अमक्याला विचार' असं उत्तर मिळण्याचा प्रश्नच नव्हता. सुमारे सात महिन्यांत ३,७०० फूट लांबीचं, चार रिळांचं चित्र पुरं झालं. देशी कथाचित्रपट म्हणून समोर नमुना नसताना, आणि निम्म्याहून जास्त माणसं नवखी असताना.

पडद्यावर काय दिसतं

या चित्राची जी रीळं आज उरली आहेत त्यांत एक प्रसंग आहे. राजा हौदाकाठी येतो, पाण्यात तारामती आणि तिच्या सख्या खेळताहेत. सगळे पुरुष, अंगाला ओल्या साड्या चिकटलेल्या. मी तो प्रसंग अनेकदा पाहिला आहे. सख्यांपैकी काहींचं पुरुषपण लपत नाही; पाणी उडवताना खांद्यापासून हात फिरतो, मैदानावर चेंडू फेकल्यासारखा. साळुंक्यांचा हात मनगटापासून हलतो. पदर सावरताना बोटं आधी जातात, मग हात. एवढासा फरक. तो कोणी शिकवून येईल असं मला वाटत नाही. शिकवता येतं ते कॅमेऱ्याकडे बघू नकोस, इथे थांब, इथे वळ, एवढंच. फाळक्यांनी हॉटेलात बसून हेरला तो हाच फरक असावा.

चित्राचा पहिला खेळ निवडक पाहुण्यांसाठी २१ एप्रिल १९१३ला ऑलिंपिया थिएटरात झाला. हे थिएटरही ग्रँट रोडवरचंच. साळुंके ज्या रस्त्यावर दहा रुपयांवर राबत होते त्याच रस्त्यावर शहरातली प्रतिष्ठित माणसं बसून त्यांच्या तारामतीकडे बघत होती.

पगाराबद्दल बोलायलाच हवं. दहाचे पंधरा झाले म्हणजे पन्नास टक्के वाढ, आणि हॉटेलातल्या माणसाला ती थोडी नव्हती. पण पंधरा रुपये हा आकडा आला कुठून? तो कामाच्या मोलावरून ठरला नाही, माणसाच्या आधीच्या पगारावरून ठरला. हा डाव आजही रोज खेळला जातो. मुलाखतीत विचारतात, सध्या किती घेता? आणि त्यावर थोडं चढवून देतात. ज्याचा जुना अनुभव तुम्ही मोजत नाही, त्याचा जुना पगार मात्र मोजता, हा कुठला न्याय? फाळके स्वतः कर्जात होते, घर विकायला काढल्यासारखी अवस्था होती, हे मला कळतं. तरीही या प्रकरणातली ही बाजू मला खटकते आणि ती मी गोड करून सांगणार नाही. अनुभव नाही म्हणून स्वस्तात मिळतो, एवढ्याच हिशेबाने 'गुणी' माणसं शोधणाऱ्यांची संख्या कमी नाही.

फाळक्यांच्या बाजूने सांगायचं तर त्यांनी माणूस वापरून सोडून दिला नाही. १९१७मध्ये 'लंकादहन' आला. त्यात साळुंके सीता झाले, आणि रामही तेच. भारतीय पडद्यावरची ही पहिली दुहेरी भूमिका मानतात. पाच वर्षांपूर्वी ज्याला नाजूक हात बघून घेतलं, त्याच्यात मालकाला आता धनुष्य पेलणारा रामही दिसत होता. राम पडद्यावर आला की लोक पायातल्या वहाणा काढत. माणूस एका गुणासाठी घेतला की त्याला जन्मभर त्याच खुंटीला बांधून ठेवणं ही मालकांची नेहमीची खोड. इथे तसं झालं नाही.

आणि त्यानंतर जे घडलं ते या प्रकरणात मला सगळ्यात मोलाचं वाटतं, जरी ते फारसं कोणी सांगत नाही. १९१८मध्ये फाळके हिंदुस्थान फिल्म कंपनीत गेले, नाशिकला. साळुंके तिथे हळूहळू कॅमेऱ्याच्या मागे गेले आणि पुढे कितीतरी चित्रपटांचं छायालेखन त्यांनी केलं. नट म्हणून गाजलेल्या चित्रांपेक्षा त्यांनी टिपलेल्या चित्रांची संख्या जास्त आहे.

त्या काळचा कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालायचा. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चित्रं. हात जरा घाईत आला की पडद्यावर माणसं संथ होणार, हात रेंगाळला की पळत सुटणार. समोर लढाई चालू असो की मरणाचा प्रसंग, दांड्यावरच्या हाताने आपली लय सोडायची नाही. अख्खा दिवस उन्हात उभं राहून, एकाच चालीने, मनगटातून.